दगडाची साक्ष आणि आपले दावे : भांदक–मार्कंडा परिसरातील वास्तू-अभ्यासाची समीक्षा

दरवर्षी ऑक्टोबरच्या १५ व १६ तारखेस चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर हजारो उपासक-उपासिका एकत्र येतात. नागपूरच्या ऐतिहासिक धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच नगरात धम्मदीक्षा दिली. या सोहळ्यास आलेल्यांपैकी अनेकजण परतीच्या वाटेवर भद्रावतीस, म्हणजे जुन्या भांदकास उतरतात, विजासनच्या लेण्यांत वंदना करतात आणि तेथून काहीजण पुढे वैनगंगेच्या काठी मार्कंड्यापर्यंतही जातात. मार्कंडा पाहून परत येणाऱ्यांच्या ओठी एक प्रश्न हमखास असतो : "हेही मूळचे आपलेच ना?"

हा प्रश्न चुकीचा नाही. ज्या समाजाचा इतिहास शतकानुशतके पुसला गेला, त्याने प्रत्येक जुन्या दगडाकडे संशयाने आणि आशेने पाहावे, हे स्वाभाविकच आहे. चिंता वाटते ती या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तराची. आपल्या व्याख्यानांतून आणि पुस्तिकांतून "होय, आपलेच" असे उत्तर तत्काळ दिले जाते, तर विद्यापीठीय ग्रंथांतून हा प्रश्न विचारण्याजोगाच नाही असे गृहीत धरले जाते. दोन्हीकडे दगड मुका राहतो. प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील प्राचीन व मध्ययुगीन वास्तूंचा अभ्यास आजवर कोणत्या पद्धतीने झाला, त्यात काय टिकले आणि काय गळून पडले, आणि आपण स्वतः या अभ्यासात कोठे कमी पडतो, याचा परामर्श घेण्याचा प्रयत्न आहे.

युआन श्वांगच्या मागावर

या परिसराच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यापासून करावा लागतो. सातव्या शतकात युआन श्वांग या चिनी भिक्खूने कोसल देशाचे वर्णन केले. राजा क्षत्रिय असूनही बुद्धशासनाचा आदर करणारा, सुमारे शंभर संघाराम, दहा हजारांच्या आत भिक्खू. राजधानीच्या नैर्ऋत्येस एका डोंगरात सातवाहन राजाने नागार्जुनासाठी कोरविलेला पाच मजली विहार असल्याचे आणि वरून आणलेले पाणी मजल्यामजल्यांतून खेळविल्याचेही तो सांगतो. हे कोसल म्हणजे दक्षिण कोसल हे उघड होते. त्याची राजधानी कोठे, हाच वाद होता.

कनिंगहॅम यांनी १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्राचीन भूगोलावरील ग्रंथात, प्रवाशाने दिलेली अंतरे व दिशा यांच्या आधारे, चांद्याचे नाव पुढे केले. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७३ साली वैरागडचा पक्ष घेतला. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १८७३-७४ च्या दौऱ्यात कनिंगहॅम स्वतः भांदकास आले, विजासनची लेणी पाहिली आणि पूर्वीचे मत बदलून भांदक हीच ती राजधानी असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या अहवालाचा नववा खंड १८७९ साली निघाला. चांदा, वैरागड, भांदक ही तिन्ही नावे आपल्याच भूमीतील. म्हणूनच भांदकच्या राजधानीपणाचा उल्लेख आपल्या वाङ्मयात आजही अभिमानाने होतो.

पुढील संशोधनाने मात्र हे मत मागे टाकले. दक्षिण कोसलच्या पांडुवंशी राजांची राजधानी आज छत्तीसगडमध्ये असलेले सिरपूर, म्हणजे प्राचीन श्रीपूर, हे सर्वसामान्यपणे मान्य झाले. १९५० च्या दशकात मो. गं. दीक्षित यांच्या उत्खननात तेथे मोठे बौद्ध विहार उजेडात आले. आपल्या पुस्तिकांत अजूनही कनिंगहॅमचे १८७९ चे मत अंतिम म्हणून उद्धृत होते आणि दीक्षितांचे उत्खनन मात्र नजरेआड राहते, ही खेदाची बाब आहे. सिरपूरचे विहारही बुद्धशासनाचेच आहेत. ते मान्य केल्याने आपले काही हिरावले जात नाही. हिरावली जाते ती फक्त एक जुनी सोय.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. कनिंगहॅम यांचे अनुमान टिकले नाही, त्यांचे मोजमाप मात्र टिकले. विजासनच्या डोंगरात सरळ आत शिरणारे दालन सुमारे ७१ फूट लांब असल्याची, त्याच्या शेवटी गर्भगृहात आसनस्थ बुद्धाची भव्य मूर्ती असल्याची, आणि मुख्य दालनाच्या अंगाने आणखी दालने काढलेली असल्याची नोंद त्यांनी केली. भांदकच्या दोलारा तलावातील बेटाकडे जाणारा जुना दगडी पूल त्यांनी मोजला, त्याची लांबी १३६ फूट नोंदविली. राजधानी भांदक की सिरपूर या प्रश्नाचे उत्तर काहीही येवो, ७१ फुटांचे दालन ७१ फुटांचेच राहते. ज्या अभ्यासकाने अनुमान आणि मोजमाप वेगवेगळे ठेवले, त्याचे अर्धे काम चुकल्यावरही उरलेले अर्धे पुढच्या पिढीच्या कामी येते. आपल्या लेखनात हे दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात आणि म्हणून एक पडले की दुसरेही पडते.

एका शिलालेखाचे स्थलांतर

याहून नाजूक प्रकरण भवदेव रणकेसरीच्या शिलालेखाचे आहे. नागपूरच्या संग्रहालयात असलेला हा संस्कृत लेख बौद्ध इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा आहे. सूर्यघोष नावाच्या राजाचा पुत्र राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मरण पावला. त्या शोकात राजाने बुद्धाचे मंदिर उभारले. काळाच्या ओघात ते जीर्ण झाले तेव्हा पांडुवंशी भवदेवाने त्याचा जीर्णोद्धार केला, असा त्याचा आशय आहे. पुत्रशोकाने व्याकूळ झालेला पिता यज्ञाकडे अथवा श्राद्धाकडे न वळता तथागतांकडे वळतो, ही घटना कोणाही उपासकाच्या हृदयास भिडणारी आहे.

हा लेख भांदकचा म्हणून दीर्घकाळ ओळखला गेला आणि कीलहॉर्न यांनी १९०५ साली तो त्याच नावाने संपादित केला. पण पुढे हिरालाल, वा. वि. मिराशी आदी संशोधकांनी दाखवून दिले की, तो मूळचा छत्तीसगडमधील आरंगचा असावा. नागपुरास अनेक ठिकाणांहून शिला आणल्या गेल्या आणि त्या धामधुमीत स्थळनामांची अदलाबदल झाली. पांडुवंशी राजांचे इतर लेख ज्या प्रदेशात मिळतात, त्याच्याशी आरंग जुळते.

आपल्यापैकी काहींना या निर्णयात ब्राह्मणी संशोधनाचा डाव दिसतो. विजासनचे बौद्धत्व नाकारण्यासाठी लेख पळविला गेला, असे मत प्रस्तुत लेखकाने व्याख्यानांत ऐकले आहे. हा आरोप तपासून पाहिला तर टिकत नाही. मिराशींच्या दृष्टिकोनावर आपले मतभेद असू शकतात आणि आहेतही, परंतु लेख आरंगचा ठरल्याने तो बौद्ध असल्याचे कोणी नाकारलेले नाही. तो बौद्धच राहिला, केवळ त्याचे गाव बदलले. आणि विजासनला या लेखाची गरजच काय? तेथे डोंगर कोरून काढलेले दालन आहे, गर्भगृह आहे, आसनस्थ बुद्ध आहेत. ज्या वास्तूचा देहच साक्ष देतो, तिला उसना दाखला लागत नाही. उसन्या दाखल्यावर उभी केलेली बाजू मात्र तो दाखला परत मागितला गेला की कोसळते आणि सोबत खऱ्या पुराव्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो.

हेमाडपंतीचे श्रेय कोणाचे?

मध्ययुगीन मंदिरस्थापत्याच्या अभ्यासाकडे वळल्यास दोष दुसऱ्या बाजूस अधिक आढळतात. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथील मंदिरसमूहास "विदर्भाचे खजुराहो" म्हणण्याची प्रथा आहे. शिल्पांच्या शैलीतील साम्य कनिंगहॅम यांनीच नोंदविले होते. पण साम्य सांगणे हा अभ्यासाचा आरंभ असतो. आपल्याकडे तो शेवट ठरला. मंदिर कोणत्या राजवंशाचे, कोणत्या शैलीचे, खजुराहोच्या किती जवळचे, इतके ठरले की लेखक मोकळा होतो. दगड कोठून आला, तो कोणी काढला, नदीकाठच्या मातीवर एवढा भार कसा तोलला, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

वास्तविक या मंदिरांचे तंत्र समजून घेण्याजोगे आहे. चुन्याशिवाय, दगडावर दगड घट्ट बसवून केलेले हे बांधकाम मुख्यतः वजनावर उभे असते. खांबावर तुळई आणि तुळईवर छत, ही त्याची रीत. दगड दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र फार थोडा सोसतो. म्हणून दगडी तुळई लांब अंतरावर टाकता येत नाही, मध्येच तडकते. दोलारा तलावावरील पुलाचे खांब दोन ओळींत जवळजवळ उभे आहेत त्याचे कारण हेच. मंडपाचे छतही असेच. चौकोनाचे कोपरे तिरप्या दगडांनी कापून अष्टकोन, मग प्रत्येक थर थोडा आत सरकवून वर्तुळ लहान करीत नेणे. प्रत्येक दगडाचा मागचा भाग वरच्या भाराने दाबलेला असतो, म्हणून पुढचा भाग अधांतरी राहू शकतो. तो भार हलला की संपूर्ण छत धोक्यात येते.

मार्कंड्याच्या मोठ्या मंदिरावर वीज पडून शिखराचा माथा मंडपावर कोसळला, अशी हकीकत कनिंगहॅम यांना स्थानिक लोकांकडून समजली. गोंड राजवटीत त्या मंडपाची दुरुस्ती झाली आणि आत जाड खांब व कमानी घातल्या गेल्या, असेही त्यांनी नमूद केले आहे. शैलीच्या अभ्यासकांना ही दुरुस्ती ओबडधोबड वाटली, मूळ सौंदर्यास बाधक वाटली. तंत्राच्या दृष्टीने पाहिल्यास चित्र निराळे दिसते. कमान भार बाजूला ढकलते, तुळई तो सरळ खाली देते. तुळईच्या पद्धतीने उभारलेल्या मंडपात, मूळ दगड मोडल्यावर, कमान घालून छत तोलणे ही डोळसपणे केलेली निवड होती. जाड खांब त्या कमानीचा बाजूचा रेटा घेण्यासाठीच आहेत. ज्या गोंड राजांच्या कारागिरांनी चांद्याचा परकोट आणि जटपुरा, पठाणपुरा यांसारखे कमानदार दरवाजे उभे केले, त्यांना हे तंत्र अवगत होते. ओबडधोबड म्हणून जे हिणवले गेले, त्यानेच मंडप उभा ठेवला.

हीच उपेक्षा "हेमाडपंती" या शब्दातही आहे. महाराष्ट्रात चुन्याविना बांधलेल्या कोणत्याही जुन्या देवळास हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा अधिकारी, तेराव्या शतकातील. मार्कंड्यासारखी मंदिरे त्याच्या आधीची. तंत्र तर त्याहूनही जुने. हा हेमाद्री 'चतुर्वर्गचिंतामणि' या व्रते, दाने व श्राद्धे सांगणाऱ्या अवाढव्य धर्मशास्त्रीय ग्रंथाचा कर्ता. ज्या पुस्तकाने सामान्य माणसाच्या वर्षाचा एकेक दिवस कर्मकांडास जुंपला, त्याच्या कर्त्याच्या नावे पाथरवटांचे शतकानुशतकांचे कौशल्य जमा झाले. घाम एकाचा, नाव दुसऱ्याचे, हा हिशेब आपणास नवा नाही. विद्यापीठांतील अनेक अभ्यासकांनी "हेमाडपंती" हा शब्द अपुरा असल्याचे म्हटले आहे, हे त्यांच्या श्रेयाचे. पण पर्यायी शब्द देताना तेही पुन्हा राजवंशाचे नाव देतात. पाथरवट तेथेही अनुपस्थितच असतो.

रेषेचे तीन प्रकार

वास्तूचा अभ्यास रेखाटनाशिवाय होत नाही. मात्र रेखाटन कोणत्या हेतूने काढले आहे हे न पाहता त्याचा पुरावा म्हणून वापर करणे घातक ठरते. मध्ययुगाकडे पाहिले तर रेषेचे किमान तीन प्रकार दिसतात.

पहिली कारागिराची रेषा. मध्यप्रदेशातील भोजपूर येथे परमार राजा भोजाच्या काळातील अपूर्ण शिवमंदिराभोवतीच्या खडकावर मंदिराच्या भागांचे आराखडे प्रत्यक्ष कोरलेले आहेत. दगड घडविणाऱ्यांनी त्या रेषांवरून मोजमाप घ्यावे, हा त्यांचा उद्देश. भोजाच्याच नावावर 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुग्रंथ आहे आणि त्यात यंत्रांचेही वर्णन येते. पोथीतील श्लोक आणि खडकावरील रेषा यांत अंतर पडले तर काम रेषेप्रमाणेच होणार, कारण छिन्नी चालविणाऱ्याच्या समोर ती असते. युरोपातही तेराव्या शतकातील व्हिलार द ऑनकूर याची ३३ पानांची रेखाटनवही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहे. तीत इमारतींचे आराखडे, उचलण्याची यंत्रे, माणसांच्या व प्राण्यांच्या आकृती एकत्र येतात. त्या एका वहीवर तेथील विद्वानांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. आपल्याकडे खडकावरच्या रेषांना ते भाग्य फार उशिरा लाभले.

दुसरी उपासकाची रेषा. केंब्रिज विद्यापीठात अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेची एक ताडपत्री पोथी आहे. ती इ. स. १०१५ साली नेपाळात लिहिली गेली. तीत बौद्ध जगतातील निरनिराळ्या तीर्थस्थळांची लहान लहान चित्रे असून प्रत्येकाखाली स्थळाचे नाव आहे. फ्रेंच पंडित फूशे यांनी १९०० साली या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत कोकणातील कृष्णगिरी, म्हणजे आपली कान्हेरी, येथील चैत्याचेही चित्र आहे. ज्या सुमारास विदर्भात मोठमोठी शैव मंदिरे उभी राहत होती, त्याच सुमारास हिमालयाच्या कुशीत बसलेला एक चित्रकार महाराष्ट्रातील एका चैत्याचे चित्र भक्तिभावाने रंगवीत होता. "अकराव्या शतकापर्यंत महाराष्ट्रातील बुद्धशासन पूर्णतः विस्मृतीत गेले" असे म्हणणाऱ्यांना हे एवढेसे चित्र पुरेसे उत्तर आहे. मात्र ते स्मरणाचे चित्र आहे. चित्रकाराने कान्हेरी पाहिली असेलच असे नाही, आणि त्या चित्रावरून चैत्याची उंची ठरवू लागणे हा त्या चित्रावरही अन्याय होईल.

तिसरी सर्वेक्षकाची रेषा. कनिंगहॅम आणि त्यांच्यानंतरच्या सर्वेक्षकांचे नकाशे या वर्गातले. त्यांना वास्तू बांधायची नव्हती, वंदनाही करायची नव्हती. होती तशी नोंदवायची होती. पण "होती तशी" हेही निवडीवर अवलंबून असते. मूळ भिंत गडद काढायची आणि नंतरची दुरुस्ती फिकट, किंवा वगळूनच टाकायची, हा निर्णय सर्वेक्षकाचा. शुद्ध, मूळ मंदिर कागदावर आणण्याच्या हौसेत गोंडांचा खांब पुसला जातो, तसाच एखाद्या भिंतीत उलटा बसविलेला जुना बौद्ध शिलाखंडही पुसला जाऊ शकतो. म्हणून नकाशा पाहताना काय काढले आहे याबरोबरच काय गाळले असेल, हेही विचारावे लागते आणि त्याचे उत्तर जागेवर जाऊनच मिळते.

सिद्ध झालेले आणि न झालेले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. "हेही मूळचे आपलेच ना?" या प्रश्नाचे उत्तर देण्याची रीत आपल्याच परिसराने आपल्याला दाखविली आहे.

नागभीड तालुक्यातील देवटेक येथे सापडलेली शिला घ्या. तिच्यावर एक लेख अशोककालीन ब्राह्मीतील आहे आणि प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी राजाज्ञा त्यात आहे. त्याच शिलेवर काही शतकांनंतर वाकाटक राजा रुद्रसेन पहिला याच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला. मिराशींनी दोन्ही लेखांचे वाचन करून हा क्रम स्पष्ट केला. एका सत्तेने दुसरीच्या दगडावर स्वतःचे नाव कोरल्याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही मिळणार नाही. आणि ते लिपीवरून सिद्ध होते. येथे कोणाच्या श्रद्धेचा प्रश्नच उरत नाही.

वैनगंगेच्याच काठी, मार्कंड्याच्या वरच्या अंगास, भंडारा जिल्ह्यात पवनी आहे. तेथील एका टेकडीचे नाव जगन्नाथाचे. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० साली शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले. जगन्नाथाच्या नावाच्या टेकडीच्या पोटातून प्राचीन स्तूप आणि त्याच्या कोरीव कठड्याचे स्तंभ निघाले. त्यांत मुचलिंद नागाचे नावासहित शिल्प आहे. म्हणजे "वर देवाचे नाव, खाली स्तूप" हा आपला संशय निराधार नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात तो एकदा तरी कुदळीने सिद्ध झालेला आहे.

परंतु पवनीत जे सिद्ध झाले, ते मार्कंड्यात आपोआप सिद्ध होत नाही. मार्कंडा हे आज दिसते त्या रूपात शैव मंदिर आहे, त्याची रचना व शिल्पे त्याच परंपरेतील आहेत. भांदकलाही आठव्या शतकात ब्राह्मणी देवस्थानांना राजाश्रय होता. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचे शके ६९४ चे, म्हणजे इ. स. ७७२ चे, भांदक येथे मिळालेले ताम्रपट सूर्यमंदिरास ग्रामदान दिल्याचे सांगतात. एकाच प्रदेशात बौद्ध लेणे, सूर्याचे देऊळ, जैन मूर्ती आणि नागपूजा शेजारी शेजारी नांदल्या. कोणी कोणाची जागा बळकावली आणि कोण केवळ शेजारी राहिले, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे शोधावे लागेल. त्यासाठी चार गोष्टींपैकी किमान एक हाती हवी : खोदीव अथवा बांधीव मांडणीतील स्पष्ट बौद्ध लक्षण, नंतरच्या बांधकामात वापरलेला ओळखता येणारा जुना अवशेष, सापडल्याचे ठिकाण निश्चित असलेला लेख, किंवा शास्त्रीय उत्खननातील थर. विजासन पहिल्या कसोटीस उतरते, देवटेक तिसऱ्या आणि पवनी चौथ्या. मार्कंड्याबाबत प्रश्न विचारावा, दावा करू नये.

काहीजण म्हणतील, बाबासाहेबांनीच तर पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्ध असे सांगितले. होय, २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील बुद्धमूर्ती-स्थापनेच्या प्रसंगी त्यांनी ते मत मांडले. पण त्याचबरोबर आपण ते सिद्ध करणारा प्रबंध लिहिणार असल्याचेही त्यांनी सांगितले होते. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, पुराव्याचे दुवे तुटलेले असता इतिहासकाराने तर्काचा आधार घेणे कसे योग्य ठरते हे त्यांनी विस्ताराने मांडले आणि आपला सिद्धांत अंतिम असल्याचा दावा आपण करीत नसल्याचेही स्पष्ट केले. तर्क करण्याचे धैर्य आणि तो तपासण्यासाठी खुला ठेवण्याची सचोटी, दोन्ही त्यांच्यापाशी होती. आपण धैर्य घेतले आणि सचोटी मागे ठेवली, तर तो त्यांचा वारसा नव्हे.

आणखी एक विचार या वनजिल्ह्यांपुरता तरी अगत्याने करावयास हवा. हा प्रदेश गोंड, माडिया या आदिवासी समाजांचा आहे. येथील नागपूजा, डोंगरावरची दैवते, नदीकाठच्या जत्रा यांत त्यांची स्वतःची परंपरा आहे. मार्कंड्याचा मंडप गोंड राजवटीत सावरला गेला. "सर्व काही मूळचे बौद्ध" असे म्हणताना आपण त्यांच्या परंपरेवरही आपले नाव कोरीत असतो. रुद्रसेनाने देवटेकच्या शिलेवर जे केले, तेच आपण शब्दांनी करू लागलो, तर आपल्या तक्रारीला अर्थ काय उरणार? ज्यांचा इतिहास पुसला गेला, त्यांनी तरी दुसऱ्याचा पुसू नये.

करण्याजोगे काम

टीका करून थांबणे पुरेसे नाही. विजासनच्या लेण्यांत आपण वर्षानुवर्षे वंदना करतो. तेथील दालनांची मापे, गर्भगृहाचा आराखडा, भिंतींवरील छिन्नीच्या खुणा, झिजलेल्या शिल्पांची आजची स्थिती, यांची मराठीत समग्र नोंद आपल्या प्रत्येक विहारात असावयास हवी. भद्रावती कोळसा खाणींच्या पट्ट्यात आहे. पाऊस, धूळ आणि माणसांचे हात यांनी दगडाची झीज चालूच असते. मूर्तीस रंग देणे, शेंदूर अथवा तेल लावणे, लेण्यात नव्या फरशा बसविणे हे श्रद्धेने केले तरी पुरावा नष्ट करणारेच असते, हे उपासकांस समजावून सांगितले पाहिजे.

आपल्या समाजात आज अभियंते आहेत, वास्तुविशारद आहेत, पाली व इतिहासाचे पदवीधर आहेत. पावसाळ्यानंतर एका गटाने मोजपट्टी, ओळंबा आणि आलेखवही घेऊन चार दिवस विजासनला काढले तरी एक स्वतंत्र नकाशा तयार होईल. तो कनिंगहॅमच्या नोंदीशी ताडून पाहावा. जेथे फरक पडेल तेथे का पडला ते लिहावे. काय पाहिले ते एका रकान्यात, काय वाटले ते दुसऱ्या रकान्यात. ज्या गावकऱ्यांनी, गोंडांनी वा इतरांनी माहिती दिली, त्यांचे शब्द त्यांच्याच नावे नोंदवावेत.

तथागतांनी आपल्या धम्माचे वर्णन "एहिपस्सिक" असे केले : या आणि स्वतः पाहा. कालामांनाही त्यांनी परंपरा, ग्रंथ आणि गुरुवचन यांच्या केवळ आधारावर काही न स्वीकारण्याचा उपदेश केला. हा नियम दुसऱ्याच्या ग्रंथांस जितका लागू आहे, तितकाच आपल्या पुस्तिकांसही लागू आहे. पुढच्या वर्षी दीक्षाभूमीवरून विजासनकडे जाणाऱ्या एखाद्या तरुणाने "हे आपलेच ना?" असे विचारले, तर त्याच्या हाती मोजपट्टी द्यावी आणि त्याला दालनाच्या शेवटापर्यंत चालत नेऊन सांगावे, "हे आपले आहे. किती फूट, ते आता तूच मोज."